टेबलावरच्या बैलाचं अपहरण

या जिल्ह्यातले सगळे गुन्हेगार मला टरकून असतात. माझ्या घरासमोर आजवर एकही दरोडा पडलेला नाही, याहून मोठा पुरावा कोणता? मी उत्तमराव, तेलंगणातल्या भीमपूरचा निवृत्त पोस्टमास्तर. पाकीट न फोडता आतला मजकूर ओळखणारा माणूस. मजकूर बहुधा दुसराच निघायचा, पण ओळखायचो मी क्षणात.

पोळ्याच्या सकाळी आमच्या बियाणे संस्थेच्या मॅनेजर शुभांगीताईंचा फोन आला. बैल चोरीला गेला होता.

लाकडी बैल. तान्ह्या पोळ्याला पोरं ओढतात तसा, चाकांचा. ताईंनी कचेरीत एक खेळ सुरू केला होता. रोज थोडा वेळ कामाची एखादी अडचण मांडायची आणि लांब टेबलावरून बैल ढकलायचा. तो ज्याच्यापुढे थांबेल त्यानं उपाय सांगायचा, जितका येडपट तितका बरा. ‘हे होत नसते’ म्हणायला बंदी. पॅकिंगवाल्या रुक्माबाई एकदा थट्टेत म्हणाल्या होत्या, पिशवीनंच बोलावं. त्यातून बियाण्याच्या पिशवीवर पेरणीची चित्रं आली. आता तेलुगु, मराठी, गोंडी बोलणारे सगळे त्या पिशवीकडे बघून पेरतात.

पण हिशेबनीस चंपतरावांनी आदिलाबादच्या मोठ्या साहेबांकडे शिकायत केली होती की कामाच्या वेळी हा पोरखेळ चालतो. साहेब दुपारी खेळ बघायला येणार होते. पटला नाही तर कायमचा बंद. आणि नेमका बैलच नाही.

कचेरीत पोचताच मी टेबल हुंगलं. तुपाचा वास. एक पिवळा डाग. चमचमत्या बेगडीचा तुकडा. ताई काहीतरी सांगू पाहत होत्या, मी हातानंच थांबवलं.

पिवळा डाग म्हणजे कावीळ. मी सगळ्यांचे डोळे तपासले. टायपिस्ट रविकांतचे जरा पिवळसर वाटले, त्याला दवाखान्यात धाडलं. तूप म्हणजे चोर खात्यापित्या घरचा. बेगड म्हणजे मागे सराफांची टोळी. मग चौकीदार मोतीरामनं खबर दिली की काल संध्याकाळी बंद दाराआड चंपतराव कुणाला तरी म्हणत होते, “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.”

हे ऐकल्याबरोबर मी चंपतरावांना संशयातून वगळलं. जो माणूस सख्ख्या मेव्हण्याला चहा विचारत नाही, तो चोराला जेवू घालेल? आवाज त्यांचा नव्हताच. टोळीत एक नकलाकारही होता.

शेवटी माझ्या ध्यानात आलं की कचेरीच्या फरशीला पैनगंगेकडे उतार आहे आणि बैलाला चाकं आहेत. म्हणजे तो एव्हाना नदी ओलांडून महाराष्ट्रात गेला असणार. तिकडच्या पोलिसांना फोन लावतो, तोच साहेबांची जीप आली.

साहेबांना दाखवायला म्हणून ताई चित्रांची पिशवी आणायला गोदामात गेल्या आणि तिथूनच त्यांनी सगळ्यांना हाक मारली.

सोयाबीनच्या पोत्यावर बैल उभा होता. न्हाऊमाखू घातलेला. खांद्याला हळद-तूप, शिंगांना बेगड, पुढ्यात पळसाच्या पानावर पुरणपोळी. आणि शेजारी, मान खाली घालून, चंपतराव.

साहेबांनी विचारलं, तक्रार तुमचीच ना?

“खेळ पोरखेळच हाय, साहेब,” चंपतराव म्हणाले. “पण सालभर ह्या बैलानं काम केलं. काल हळद-तुपानं खांद शेकली, रीतीनं जेवायचं आवतण देल्लं. इकडं आमाले पोळ्याची सुट्टी नाही, कबूल. बैलाले आज जुंपावं कसं?”

“काम केलं म्हणता न?” रुक्माबाई मागून म्हणाल्या. “मंग पोरखेळ काऊन?”

चंपतरावांनी पुरणपोळीवरची माशी हाकलली.

साहेबांनी वाकून बैलाची शिंगं न्याहाळली. मग म्हणाले, ज्याची रजा तक्रारदारच मंजूर करतो, त्याला कामावरून काढणारे आम्ही कोण? खेळ चालू राहू द्या. आज मात्र नको.

ताईंनी डोळे पुसले. मी एका पोत्यावर ऐसपैस बसून साहेबांना समजावू लागलो की हा उलगडा मला पहिल्यापासूनच झाला होता, फक्त पुराव्यासाठी थांबलो होतो. मी काविळीपर्यंत आलो असेन, तेव्हा चंपतराव अदबीनं जवळ आले.

“उत्तमराव, थोडं उठता काय? तुमी त्याच्या झुलीवर बसून राह्यले.”