खर्जाची रांग

मठातल्या गायन शिबिराच्या पहिल्याच सकाळी ओरेस्तेला कळून चुकलं, की आपण भलत्याच ठिकाणी येऊन बसलोय. तो निवृत्त पोस्टमन. अर्जात 'अनुभव' या रकान्यात त्याने 'गावच्या चर्चमध्ये वीस वर्षं' असं लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं. फक्त ती वीस वर्षं त्याने बाकावर बसून ऐकण्यात घालवली होती.

शिबिर घेणाऱ्या फादर प्लाचिदोंनी त्याची रुंद छाती बघितली आणि आवाज न तपासताच त्याला खर्जाच्या रांगेत उभं केलं. हातातल्या कागदावर स्वरलिपी होती: चार रेघा आणि त्यांवर काळे चौकोन. त्यातलं त्याला काहीच वाचता येईना. शेजारी ग्वाल्तिएरो खाटीक, एत्तोरे मास्तर आणि सबातीनो दंतवैद्य असे तिघं ऐटीत तोंडं उघडत होते. ओरेस्तेनेही उघडलं. आवाज मात्र काढला नाही.

संध्याकाळी फादरांनी खर्जाचं कौतुक केलं. चौघं नव्हे, एकच माणूस गातोय असं वाटतं, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चार रांगांनी चार वेगवेगळ्या सुरांत गायचं गाणं सुरू झालं. ओरेस्ते ग्वाल्तिएरोला चिकटून उभा राहू लागला. बाकीचे दोघंही त्यालाच चिकटत होते. माणसं प्रेमळ आहेत, असं ओरेस्तेला वाटलं.

शनिवारी जेवणानंतर ग्वाल्तिएरोने बर्फाळ लिंबू सरबताचे तीन पेले रिचवले आणि त्याचा आवाज पार बसला.

फादर शांत होते. "तिघं आहेत ना अजून," म्हणत त्यांनी हात उचलला. 'किरिए' या प्रार्थनागीताची सुरुवात खर्जाचीच. तीन तोंडं उघडली. मठाच्या चर्चमध्ये एकही सूर उमटला नाही.

"पुन्हा."

पुन्हा तेच. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

सबातीनो म्हणाला, मेव्हणीने गळ घातली म्हणून आलो. एत्तोरेने चष्मा घरी राहिल्याचं सांगितलं. ओरेस्तेने मान खाली घालून बाकाची गोष्ट कबूल केली.

फादर पायरीवर मटकन बसले. उद्या दहाच्या प्रार्थनेला बिशप येणार होते. ते उठले, पेन्सिल घेतली आणि खर्जाचा अख्खा भाग सोपा करून तीन सुरांवर आणून ठेवला. मग अंधार पडेपर्यंत तिघांना घोटवलं.

"चुकलात तरी चालेल," ते म्हणाले, "पण ऐकू येऊ दे."

रविवारी रांग तोकडी दिसू नये म्हणून ग्वाल्तिएरोही मधोमध उभा राहिला, गळ्याला मफलर गुंडाळून. फादरांचा हात वर गेला. ओरेस्तेचा आवाज निघाला. जाडाभरडा, थरथरता, पण त्याचा स्वतःचा. डावीकडून एत्तोरेचा सूर आला, उजवीकडून सबातीनोचा. शेवटच्या सुरापर्यंत कुणी थांबलं नाही.

प्रार्थना संपल्यावर बिशप थेट खर्जाच्या रांगेकडे आले आणि त्यांनी ग्वाल्तिएरोचे दोन्ही हात हातात घेतले.

"तुमच्या आवाजावर सगळं उभं होतं," ते म्हणाले.

ग्वाल्तिएरोला नाही म्हणायचं होतं. त्याने जीव तोडून ओठ हलवले. बिशपांना तो विनय वाटला, आणि त्यांनी त्याला पुढच्या महिन्यात कॅथेड्रलमध्ये एकट्याने गायचं आमंत्रण देऊन टाकलं.