नेनेकाकांचा धर्मप्रसार

आमचे नेनेकाका धर्मप्रसारक आहेत. धर्म कसला, तर कचरा वेगळा करण्याचा! जपानमधल्या एदोगावातल्या आमच्या इमारतीत नवं भारतीय कुटुंब आलं की तिसऱ्या दिवशी काका दारात हजर. गुजरात्यांशी गुजरातीत, तमिळांशी तमिळमध्ये: जळणारा कचरा मंगळवारी, प्लॅस्टिक बुधवारी, बाटल्यांची झाकणं निराळी. तमिळ येतं तेवढंच, पण ऐट काय विचारू नका!

“अहो काका, इंग्रजीत सांगून मोकळे व्हा ना,” मी एकदा वैतागून म्हटलं.

“छे! माणसाला त्याच्या भाषेत सांगितलं तरच आत जातं, लिहून ठेव!”

झालं. स्वारी थेट नवव्या शतकात. इथल्या विद्यापीठात काकांनी उभं आयुष्य घालवलं ते दोन ग्रीक भावांपायी. हे भाऊ स्लाव लोकांना ख्रिस्ताची गोष्ट सांगायला युरोपात मोराव्हियाला गेले. त्या लोकांना लिपीच नव्हती, म्हणून आधी अक्षरं घडवली, मग प्रार्थना त्यांच्या बोलीत आणल्या. प्रार्थना लॅटिनमध्येच हवी म्हणणारे पाद्री असे खवळले! दोघांना रोमला पोपसमोर उभं राहावं लागलं. इथे काकांचा आवाज चढतो आणि माझी आमटी करपते. पोपने त्या बोलीतली पुस्तकं मान्य केली, की काकांची गोष्ट संपली.

सुनंदाकाकू गेल्या त्याला वर्ष होईल. कचऱ्याचे वार सांगायला दोघं जोडीने जायची, काकूंच्या हातात लाडवांचा डबा. आता पुण्याची मुलगी मागे लागली, “बाबा, एकटे काय करताय तिथे? या इकडे.” तिकीटसुद्धा आलं. मला तर रडूच फुटलं.

शनिवारी मी त्यांची खोकी भरायला गेले. काका मांडीवर पुस्तक घेऊन नुसते बसलेले. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “काका, रोमनंतर काय झालं हो?”

“धाकटा तिथेच आजारी पडला. वारला.” काकांनी मांडीवरचं पुस्तक मिटलं. “जाताना थोरल्याला म्हणाला, तुला तुझ्या डोंगरावरच्या मठाची ओढ आहे, ठाऊक आहे मला. पण त्यापायी हे काम टाकून जाऊ नकोस.”

मी हातातलं खोकं खाली ठेवलं.

“सुनंदा हॉस्पिटलात हेच म्हणाली गं. ‘पुण्याला पळू नका, नवी पोरं येतात, त्यांना इथे कोण आहे?’ आणि मी काय म्हणालो? बघू! हो म्हणायला काय जात होतं माझं?”

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. “मुलीला लाव. मला नाही जमायचं, तूच सांग.”

मी लावला. “बाबा येत नाहीयेत,” म्हटलं.

“नक्की?” तिने विचारलं.

मी काकांकडे पाहिलं.

“हो,” काका भिंतीवरच्या काकूंच्या फोटोला म्हणाले.