काउंटर बाराशे चाळीस

वडवणीतले वैजनाथअप्पा मला नावानं हाक मारत नाहीत. मी इथल्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो. गावातली माणसं मला 'सर' म्हणतात आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, हे सांगायला मी लाजत नाही. पण अप्पांच्या भांड्यांच्या दुकानावरून जायला लागलं की आतून, पितळी हंड्यांच्या मागून, हमखास आवाज येतो, "काय बाराशे चाळीस, कुठं निघालाव?"

बरोबर एखादा नवा माणूस असेल तर त्याला वाटतं, मी मधल्या काळात तुरुंगात जाऊन आलोय.

तर त्याचं असं आहे. अप्पांकडे व्हीसीआर आहे आणि त्यांच्या मुलीच्या लग्नाची तीन तासांची कॅसेट आहे. कॅसेट पार सुरुवातीला न्यायची, फीत किती पळाली ते दाखवणारा काउंटर शून्यावर आणायचा आणि चालू करायची. काउंटरवर बाराशे चाळीस आकडा आला की पंगतीत बसलेला, नाक ओघळलेला, बुंदीच्या लाडवाकडे टक लावून बघणारा सात वर्षांचा मी पडद्यावर येतो. दत्तू शिंपी चारशे दहाला येतो. गिरणीवाले मामू आठशे पंचावन्नला. आमची सगळी गल्ली अप्पांना अशी आकड्यांत पाठ आहे. "नऊशे सत्तर वारल्या" असं अप्पांनी सांगितलं की आम्हाला कळतं, कासारीणबाई गेल्या.

व्हीसीआर साधा नाही. धारूरचा एक जण आखातात गवंडीकामाला गेला होता, तो येताना घेऊन आला. अस्सल जपानी, चार हेडचा. लग्नाच्या महिनाभर आधी अप्पांनी तो त्याच्याकडून विकत घेतला, आणि तेव्हापासून आजपर्यंत त्याच्याबद्दल मत द्यायचं ते थांबलेले नाहीत.

मत द्यायची त्यांची रीत भांडेवाल्याची आहे. दुकानात गिऱ्हाईक पातेलं आधी उचलून बघतं, मग बोटाच्या पेरानं वाजवतं. चीर गेलेल्या भांड्याचा नाद बसका येतो. अप्पा व्हीसीआरलाही हीच परीक्षा लावतात. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी हुकूम, "उचला." पाहुणा बिचारा उचलतो. "लागलं का वजन? हे वजन हाय मालाचं. आताच्या मालात निस्ती हवा." मग त्याच्या पत्र्यावर पेरानं टक् करून म्हणतात, "चित्र काय, कुणीबी दाखवंल. आवाज बघा, आवाज!"

त्याच पत्र्यावर मागच्या बाजूला, भांड्यांवर नाव टाकायच्या मशीननं कोरलंय : सौ. शांताबाई वैजनाथअप्पा. व्हीसीआर घेतला अप्पांनी आणि नाव बायकोचं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "भांडीकुंडी बाईच्याच नावानं असत्यात. कावून, तुमच्या कॉलेजात येगळं शिकवत्यात का?"

त्याची तब्येतही ते माणसासारखी सांभाळतात. चालवून तासभर झाला की हाताची मागची बाजू त्याच्या पाठीला लावून ताप बघायचा. गरम लागला तर अर्धा तास विश्रांती. घरात टेबलफॅन एकच, तो व्हीसीआरकडे तोंड करून. आम्ही गल्लीतली पन्नास माणसं चैत्राच्या उकाड्यात घामानं निथळत बसलेलो आणि वारा खातोय कोण, तर व्हीसीआर. कुणी कुरकुर केली की अप्पा म्हणायचे, "तुमाला घाम येतो, पुसता येतो. त्याला येतो का?"

एकदा निवडणुकीत एका पुढाऱ्याचा माणूस आला. गावोगाव प्रचाराची कॅसेट दाखवायची होती, आठवडाभर व्हीसीआर हवा होता. अप्पांनी त्याला पाणी दिलं, चहा दिला आणि सांगितलं, "सायबाला म्हणावं, तुमी पाच वर्सांनी परत उभे राहताल. ह्याचं हेड गेलं तर परत येत न्हाई."

मोबाइलबद्दल त्यांचं मत चांगलं नाही. मी नवा घेतला तेव्हा तो त्यांनी तळहातावर तोलला. "वजन न्हाई." कानाशी नेऊन पेरानं वाजवला. "नाद न्हाई." आणि परत देताना म्हणाले, "असू द्या. तुमाला पगार हाय."

पण एक गोष्ट अप्पांचीच. गल्लीत कुणी वारलं की तेरावं झाल्यावर त्या घरची माणसं अप्पांकडे यायची. बोलवावं लागत नसे. अप्पा दुकान पोरावर न सोपवता सरळ बंद करायचे, कॅसेट लावायचे, आकड्यावर आणायचे आणि गेलेला माणूस त्याच्या माणसांना दाखवायचे. बारा-पंधरा सेकंद. कुणी पत्रावळ उचलताना, कुणी फेटा सावरताना. गिरणीवाले मामू वारले त्यानंतर वर्षभरानं त्यांच्या घरात सून आली. तिला सासरा माहीत नव्हता. मामूंची बायको तिला हाताला धरून घेऊन आली आणि अप्पांनी आठशे पंचावन्न लावून दिला. ती पोरगी पडद्यासमोर डोक्यावरचा पदर नीट करत उभी राहिली, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

अशा वेळी बाकीचे "ते बघ, ते बघ" करून गलका करायचे आणि अप्पा चिडायचे, "गप बसा की बे! आवाज ऐका!" पण गेलेल्याचं तोंड दिसत असताना आवाज कोण ऐकतो?

पुढे हे सगळं कमी होत गेलं. ज्याच्या त्याच्या खिशात ज्याचं त्याचं माणूस आलं. शांताकाकू नऊ वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी पुण्याकडे, मुलगा हैदराबादला. अप्पांना दोन वेळचा डबा बाहेरून येतो. दुपारी त्यांच्या घरावरून जाताना मला कॅसेट चालल्याचा आवाज यायचा. मी मनात म्हणायचो, म्हातारा एकटाच लग्न बघत बसलाय.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला व्हीसीआरच्या आतला रबराचा पट्टा तुटला. त्या दिवशी आठवडी बाजार होता, तरी अप्पांचं दुकान बंद. भांडेवाला बाजारादिवशी दुकान बंद ठेवतो म्हणजे घरात कुणी गेलं, असं समजून दोघं-तिघं पंचे घेऊन दारात येऊन उभे राहिले.

अप्पा व्हीसीआर मांडीवर घेऊन बीडला गेले. चार दुकानं फिरले. पट्टा कुणाकडेच नाही. एक जण म्हणाला, "चाचा, इसकू म्यूझियम में देव." अप्पा म्हणाले, "तुमी ह्याचा आवाज ऐकलाव का?" आणि परतीच्या गाडीत बसले.

महिनाभर हाक बंद झाली. मी दुकानावरून जायचो, ते मान वर करायचे, परत खाली घालायचे. मला ते बघवेना. मी शिकलेला माणूस. मी म्हणालो, "अप्पा, कॅसेट द्या. बीडला एक स्टुडिओ आहे, तो जुन्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर घेऊन देतो. मग पट्टा नको, हेड नको, काही नको."

दोन दिवस त्यांनी विचार केला. तिसऱ्या दिवशी कॅसेट खणात गुंडाळून माझ्या हातात दिली. "उनात ठेवायची न्हाई. चुंबकाजवळ न्यायची न्हाई. येष्टीत इंजनापाशी बसायचं न्हाई." मी कॅसेट छातीशी धरून मागच्या सीटवर बसलो आणि सगळे खड्डे माझ्या पाठीवर घेतले.

स्टुडिओवाला पोरगेलासा, हुशार. थोडी चालवून बघून म्हणाला, "सर, चित्र निघंल. पण ह्यात माणसांचा कालवा लई हाय. साफ करू का?"

मी म्हणालो, "एकदम झकास करून दे."

हे मीच म्हणालो. त्याचा काही दोष नाही.

पुढच्या रविवारी दुपारी मी सगळ्या गल्लीला घरी बोलावलं. माझा मोठा टीव्ही, वर पंखा, सगळ्यांना सरबत. अप्पा कडक इस्त्रीचं धोतर नेसून आले. मी त्यांना पहिल्या खुर्चीत बसवलं. माझी आई दाराशी भिंतीला टेकून बसली. मी पेन ड्राइव्ह लावला.

चित्र असं आलं की लोकांनी टाळ्या वाजवल्या. फेट्यांचे रंगसुद्धा दिसायला लागले. आणि आवाज? सनई. पहिल्यापासून शेवटपर्यंत सनई. नवरदेव आला, सनई. पंगत बसली, सनई. माझी पाळी आली तेव्हा तर माझ्या ओघळलेल्या नाकाभोवती गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या. लोक हसून हसून लोळले. मीही हसलो.

अप्पा पुढं वाकले होते. कानामागं हात धरून म्हणाले, "सर, आवाज..."

मी आवाज वाढवला. सनई वाढली.

मग ते हळूच उठले, चपला पायात घातल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चांगलं हाय. चित्र लई चांगलं हाय."

उभ्या आयुष्यात मी अप्पांच्या तोंडून चित्राची तारीफ ऐकली नव्हती. आणि मला त्यांनी 'सर' म्हटलं, तेही पहिल्यांदाच.

लोक गेल्यावर आई म्हणाली, "ह्यातली शांताकाकू कुठं गेली रे?"

मी म्हणालो, "आई, काकू त्यात नाहीतच. अख्ख्या कॅसेटमध्ये दोनदा दिसतात, दोन्ही वेळा पाठमोऱ्या."

"दिसती कुठं म्हनले मी? बोलती ती."

मग आईनं सांगितलं. त्या वर्षी आई-बाबा ऊसतोडीला गेले होते आणि मला चुलतीकडं ठेवलं होतं. पाडव्यानंतर परत आले, तर अप्पांनी आईला घरी बोलावलं आणि माझा आकडा लावून दिला. "तू पडद्यावर बसलेला. अन् मागून काकूचा आवाज. त्या क्यामेरेवाल्याला म्हनती, ह्या लेकराला नीट घे रे बाबा. ह्याची माय उसाला गेली हाय. आली म्हंजी बघंल." आईनं पदरानं डोळे टिपले. "सगळ्या गल्लीचं तिनंच घ्यायला लावलं. मागून तिला इचारलं, तुमचं का न्हाई घेतलं? तर म्हनली, आमी घरातच हाओत, रोज बघताव एकमेकाला." मग आई माझ्याकडं वळली, "तुला एवढं शिकवलं, इतक्यांदा दाखवलं. तू आपलं सोताचंच तोंड बघत बसलास."

कॅमेऱ्याचा माइक कॅमेऱ्यालाच असतो. जो कॅमेऱ्याच्या अगदी जवळ उभा, त्याचाच आवाज सगळ्यात स्पष्ट येतो. तीन तास काकू त्या कॅमेरेवाल्याच्या शेजारी उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला घेऊन अप्पांकडे गेलो. ते जमिनीवर फतकल मारून बसले होते. पुढ्यात व्हीसीआर उघडा, शेजारी कात्री आणि सायकलची जुनी ट्यूब. ट्यूबच्या बारीक बारीक चकत्या कापून टाकलेल्या.

"या," ते म्हणाले. "सातवा पट्टा हाय. बसल असं वाटतंय."

"अप्पा, माझं चुकलं," मी म्हणालो. "मीच त्याला साफ कर म्हणालो."

"त्यानं साफच केलं की. कालवा काढ म्हणलाव, त्यानं काढला." ट्यूबची चकती ते स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं हळूहळू चाकावर चढवत होते. "म्याबी तिला जलमभर हेच म्हणायचो. कालवा करू नको."

पट्टा बसला. खणातली कॅसेट मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती आत सरकवली, पार सुरुवातीला नेली, काउंटर शून्यावर आणला आणि मग पुढं पळवली. बाराशे तीसला बोट सोडलं.

चित्र जरा थरथरत होतं. ट्यूबचा पट्टा, त्यामुळं आवाजही मध्येच जड व्हायचा. पण पंगतीचा सगळा कालवा खोलीत आला. भांडी आपटल्याचा, कुणाला तरी हाका मारल्याचा, लेकरांच्या रडण्याचा. आणि त्या सगळ्याच्या पुढं, अगदी कानाशी, एक बाई म्हणाली, "ह्या लेकराला नीट घे रे बाबा."

ह्या वेळी मी पडद्याकडं बघितलं नाही.

कॅसेट पुढं चालत राहिली. फेटा बांधलेले, चाळिशीतले अप्पा हातात पाण्याचा जग घेऊन पंगतीतून धावत आले. तोच आवाज त्यांना म्हणाला, "अवो, तुमी जेवलाव का?" पडद्यावरच्या अप्पांनी मागं न बघता हात झटकला आणि निघून गेले.

माझ्या शेजारचे अप्पा म्हणाले, "न्हाई अजून. ही पंगत उठली की बसतो."

ते अगदी सहज म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं की आम्ही बसलोय. त्यांनी हाताची मागची बाजू व्हीसीआरच्या पाठीला लावली, ताप बघितल्यासारखी.

जरा वेळानं आई उठली. "अप्पा, डबा राहू द्या आज. भाकरी टाकते. चला घरी."

"चलतो," अप्पा म्हणाले. "थांबा जरासं. आधी माघारी नेऊन ठेवतो."

त्यांनी बटण दाबलं. काउंटरचे आकडे उलटे फिरायला लागले. सायकलच्या ट्यूबचा तो पट्टा काही घाई करत नव्हता. आम्हीही तिघं शून्य येईपर्यंत बसून राहिलो.