मावशीच्या मागची बाई

"मना मांगे कोन गाई राह्यनं?" असं विचारून यशोदाबाईंनी कानावरचा हेडफोन काढला आणि मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतीवर ठोकलेल्या गोधड्या होत्या.

"कोणी नाही, मावशी. तुमचाच आवाज आहे. जरा उशिरा येतोय," लीलाधर म्हणाला.

"मना आवाज अन् मालेच उशिरा?"

रेकॉर्डिंगचा हा तिसरा दिवस होता, आणि अजूनही हा घोळ सुटू नये याचा लीलाधरला भयंकर संताप आला होता. देवपुरातल्या शाळेत तो प्रयोगशाळा सहायक. घराच्या मागच्या खोलीत त्याने हौसेने स्टुडिओ मांडला होता, आणि जळगावचा मेहुणा झुलाल त्याला चारचौघांत 'गोधड्यांचं गोदाम' म्हणायचा. त्याच झुलालच्या मुलीचं आता लग्न. लीलाधरने भर बैठकीत सांगून टाकलं होतं, "हळदीला डीजेची गाणी कशाला? तुमच्याच मावशीचं गाणं रेकॉर्ड करून देतो." झुलाल गालातल्या गालात हसला होता. "शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आलं तर वाजवू, दाजी. नाही तर डीजे आहेच." आज शुक्रवार होता. गाणं गेलं नाही तर 'गोदाम' हे नाव त्या खोलीला जन्माचं चिकटणार होतं.

शिरपूरकडच्या आपल्या खेड्यात मावशींनी पन्नास वर्षं हळदी गाजवल्या होत्या. तिकडची रीत अशी की पुढच्या बाईने ओळ म्हणायची, मागच्यांनी ती झेलायची, आणि मागच्यांचं पुरं झाल्याशिवाय पुढचीने नवी ओळ उचलायची नाही. आता हेडफोनमध्ये मागून आवाज आला की मावशी मानाने थांबायच्या. मागचीचं संपलं की पुढे जायच्या. तीन मिनिटांचं गाणं सात मिनिटांवर गेलं. आधी रेकॉर्ड करून ठेवलेला ढोल वाजून संपला, तरी मावशींच्या गाण्यातली नवरी अजून पाटावर बसायची होती.

लीलाधरने काय करायचं बाकी ठेवलं होतं? इंटरनेटवरच्या व्हिडिओत सांगितलं तसा कॉम्प्युटरमधला बफरचा, म्हणजे आवाज साठवून पुढे सोडायचा, आकडा कमी केला, तर आवाज तव्यावरच्या फुटाण्यांसारखा तडतडला. वाढवला, तर मागची बाई आणखी मागे पडली. माइक बदलला, वायरी बदलल्या, सगळं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. ज्या दुकानातून सामान घेतलं तिथे फोन केला, तर तिथला माणूस म्हणाला, "सर, एकदा बंद करून चालू करा."

"अहो, नऊ वेळा केलं. आता मीच बंद पडेन," म्हणून त्याने फोन आपटला.

एवढ्यात ज्योत्स्ना दारात आली. रेकॉर्डिंगच्या वेळी तिने या दाराजवळ श्वाससुद्धा जोरात घ्यायचा नाही, असा नवऱ्याचा हुकूम होता.

"माझा फ्रीज कोणी बंद केला?"

"मी. त्याच्या करंटचा त्रास होत असेल."

"दूध फाटलं. आता चहा बिनदुधाचा प्या." मग तिची नजर मावशीच्या कानांकडे गेली. "अन् या हेडफोनला वायर नाही?"

"ब्लूटूथ आहे. भारीतला."

"म्हणजे आवाज हवेतून फिरून येणार. मग वेळ लागणारच की."

लीलाधर उसळला. लहरींचा वेग किती असतो, एका सेकंदात त्या पृथ्वीभोवती किती फेऱ्या मारतील, हे त्याने तिला जागेवर सुनावलं. सुनावता सुनावताच त्याने कपाटातला जुना, वायरचा हेडफोन काढून जोडला. आवाज तत्काळ आला. कारण ज्योत्स्नाने सांगितलं ते नव्हतं, वेळ हवेत नाही तर ब्लूटूथच्या आतल्या उलाढालीत जात होता, पण दोष मात्र तिने बोट दाखवलं तिथेच होता. तीन दिवसांतला सगळ्यात जास्त राग त्याला या गोष्टीचा आला.

मावशींनी पहिली ओळ म्हटली आणि थांबल्या. थांबल्या त्या थांबल्याच.

"काय झालं, मावशी?"

"ती बाई कुठे गयी?"

"कोणती बाई?"

"मना मांगे म्हने ती. आवाज चांगला व्हता तिना."

"तिला घालवायलाच तर तीन दिवस मरतोय मी."

"मंग माले जमाव नही, जवाईबापू. हयदनं गानं एकली बाई म्हनस का? पोरगीनं लगीन शे, काही अवदसा नको." मावशींनी हेडफोन टेबलावर ठेवला आणि पिशवी उचलली.

साडेचार वाजले होते. लीलाधरने हात जोडले, समजूत काढली, ब्लूटूथवाला परत लावतो म्हणाला. पण आता ती बाई खरी नाही हे मावशींना कळलं होतं. शेवटी ज्योत्स्नाच पदर खोचून आत आली आणि मावशीच्या मागे मांडी घालून बसली.

"लावा तुमचं यंत्र," ती म्हणाली. "अन् तो ढोल बंद करा, आमच्यामध्ये लुडबुडतो."

मावशींनी ओळ टाकली, ज्योत्स्नाने झेलली. मावशी थांबल्या, हसल्या, पुढची ओळ घेतली. एका दमात गाणं पुरं झालं. लीलाधरला कुठे काही सुचवायची संधीच मिळाली नाही, त्यामुळे तो जरा चिडलेलाच होता. सहाच्या आत त्याने फाइल जळगावला धाडली.

दहा मिनिटांत झुलालचा फोन आला. मावशींनाही ऐकू यावं म्हणून लीलाधरने स्पीकर लावला.

"दाजी, मानलं तुम्हाला. मावशी काय गायली आहे. हळदीला हेच वाजेल, डीजेला सांगून टाकलं मी." लीलाधरची छाती फुगली. "फक्त एक करा. ती मागून एक बाई येते ना, ती दर ओळीला उशिरा येते. मशीनचा प्रॉब्लेम दिसतोय. अन् सूर पण नाही तिला. तेवढी कापून टाका."

मावशी गोधड्यांकडे बघू लागल्या. ज्योत्स्नाने हात पुढे केला.

"द्या जरा इकडे माझ्या भावाला."

लीलाधरने क्षणाचाही उशीर न करता फोन तिच्या हातात दिला, आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच निवांत खुर्ची ओढून ऐकायला बसला.