वायरलेसवर गेलेलं पोट

सकाळचे नऊ वाजायच्या आत सदू तांडेल सहा वेळा बोटीच्या मागच्या टोकाला जाऊन आला. मासेमारीच्या बोटीवर संडास कुठला असायला! मागे दोरखंड घट्ट धरून उकिडवं बसायचं आणि बाकीच्यांनी तोवर पुढे तोंड करून क्षितिजाकडे बघायचं, एवढीच सोय. सहाव्या खेपेपर्यंत पाचही खलाशांना ते क्षितिज पाठ झालं होतं.

"तांडेल, पोट बिघडला काय?" रामानं विचारलं. रामा बोटीवरचा सगळ्यात जुना खलाशी.

"पोटाला काय झालाय? दोरखंड तपासतो हाय."

"सहा वेळा?"

"जुना हाय तो दोरखंड," असं म्हणत सदू सातव्यांदा उठला.

सदू बावीस वर्षं तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान होता आणि या बावीस वर्षांत आजारपणापायी त्यानं बोट एकदाही अर्ध्यातून माघारी फिरवली नव्हती. एका खलाशाची दाढ सुजून गाल नारळाएवढा झाला, तेव्हाही त्याच्या तोंडात लवंगा कोंबून सदूनं त्याला चार दिवस जाळं ओढायला लावलं होतं. आता स्वतःच्या पोटासाठी जयगडला परत जायचं म्हणजे त्या गालाला काय तोंड दाखवायचं? तो खलाशी तर समोरच बसला होता.

रामाकडे उपाय तयार होता. "पानी बंद करा. वरनं घातलाच नाय, तर खालनं येनार कुठनं?"

सदूला हे पटलं. पटण्यासारखंच होतं ते. त्यानं दोन घोट कोरा चहा घेतला आणि पाण्याच्या पिंपाकडे पाठ केली. पण पोटाला हा हिशोब कुणी सांगितला नव्हता. दहा वाजता नववी खेप आटपून तो परत निघाला, तर पाय ओल्या सुतळीसारखे वळायला लागले. जीभ टाळ्याला चिकटली. समोर दोन रामा दिसले आणि दोन्ही रामा घाबरलेले होते. सदू जाळ्याच्या ढिगावर मटकन बसला.

इंजिन सांभाळणाऱ्या रूपेशनं वायरलेस उचलला.

"वायरलेसवर नको रे," सदू क्षीण आवाजात म्हणाला. "सगळ्या बोटी ऐकतात."

"हळू बोलतो," रूपेश म्हणाला. जणू हळू बोललं की वायरलेस फक्त एकाच बोटीला ऐकू जातो. त्यानं बटण दाबलं. "किनाऱ्याजवळ कोन हाय काय? आमच्या बोटीवर एका मानसाचा पोट धावता हाय."

क्षणभर खरखर झाली आणि मग वायरलेसमधून गर्जना आली, "सदूचा काय रे?"

हे आप्पा. जयगडमधल्याच दुसऱ्या बोटीचे मालक. उभा जन्म इंजिनाशेजारी काढल्यामुळे त्यांचे कान गेले होते आणि त्याची भरपाई गळा करत होता. त्यांची बोट खाडीच्या तोंडाशी होती, तिथे मोबाइलला रेंज होती. आप्पांनी तातडीनं आरोग्य उपकेंद्रातल्या पूर्वी नावाच्या सिस्टरना फोन लावला, एका हातात फोन धरला, दुसऱ्या हातात वायरलेस, आणि जयगडपासून दापोलीच्या बंदरांपर्यंतच्या सगळ्या बोटींसमोर सदूची तपासणी सुरू झाली.

"सिस्टर इचारते, किती वेळा झाली?"

सदूनं रूपेशला बोटं दाखवली. "नऊ," रूपेश म्हणाला.

"नऊ! पातळ काय?"

"पातळ."

"सिस्टर, पातळ! रक्त पडता काय?"

"नाय."

"ताप?"

"नाय."

"लघवी कधी झाली?"

सदूनं मान खाली घातली.

"अरे लघवी! लघवी!" आप्पांचा आवाज इतका फुटला की टपावर बसलेला समुद्रपक्षी उडून गेला.

"काल रात्रीपास्नं नाय," सदू पुटपुटला.

फोनवरून सिस्टरचा बारीक पण धारदार आवाज वायरलेसमध्ये उमटला. "पाणी पितायत ना ते? बंद केलंय? कुणी सांगितलं बंद करायला?"

सगळ्यांनी रामाकडे पाहिलं. रामानं सवयीनं क्षितिजाकडे पाहिलं.

"नीट ऐका," सिस्टर म्हणाल्या. "जुलाब लागले म्हणून माणूस दगावत नाही, अंगातलं पाणी संपलं म्हणून दगावतो. जेवढं जातंय तेवढं परत भरायचं. ओआरएसची पुडी आहे का बोटीवर?"

औषधाच्या डब्यात एक पट्टी, बामची अर्धी डबी आणि कुणाचा तरी चष्मा निघाला. पुडी नव्हती.

"मग घरचंच करा. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ."

आप्पांनी ते मोठ्या निष्ठेनं पुढे पाठवलं. "सहा चमचे मीठ! अर्धा साखर!"

पाणी चहासाठी उकळून ठेवलेलंच होतं. पाणी बंद करायला सांगितल्याची चूक रामाला एका तांब्यात धुऊन काढायची होती. त्यानं सहा चमचे मीठ मोजून घातलं, ढवळलं आणि तांब्या सदूच्या तोंडाला लावला. सदूनं एक घोट घेतला आणि पिचकारी मारली.

"एवढा खारटच पाजायचा, तर खाली दर्या काय कमी व्हता?"

तेवढ्यात वायरलेसमधून सिस्टर थेट किंचाळल्या, "उलटं, आप्पा, उलटं! साखर सहा, मीठ अर्धा! जास्त मीठ घालू नका, माणूस आणखी बिघडेल!"

दुसरा तांब्या बरोबर झाला. रामानं तो लहान मुलाला पाजावा तसा घोटाघोटानं पाजला. मध्येच कुठल्या तरी बोटीवरून कुणी केळं द्यायला सांगितलं, दुसऱ्या बोटीवरून कुणी भाताची पेज सांगितली. सिस्टरनी दोन्हीला होकार दिला. उपाशी राहायचं नाही, म्हणाल्या. तिसऱ्यानं दारूचं टोपण सुचवलं. त्याला सिस्टर जे बोलल्या, ते आप्पांनी मुद्दाम दोनदा पाठवलं.

मग सिस्टरचा शेवटचा प्रश्न आला. "बाकीचे सगळे ठीक आहेत ना? मग बाकीच्यांनी न खाल्लेलं, न प्यालेलं असं यांनी काय घेतलं?"

"काय नाय," रामा ठामपणे म्हणाला. "एका टोपातला जेवतो आमी. एका पिंपातला पितो."

सांगितलं नाही तरी चाललं असतं, असं सदूला एकदा वाटलं. पण सिस्टरनी पुढे विचारलं, "त्या पिंपातलं पाणी खराब असेल तर बाकीच्यांनाही धोका आहे. नीट आठवून सांगा." सदूनं समोरच्या पाच चेहऱ्यांकडे पाहिलं आणि रूपेशच्या हातातून वायरलेस घेतला.

"पिंपातला पानी चांगला हाय," तो म्हणाला. "काल दुपारी लय उकडत व्हता. मी कोकमच्या सरबतात बर्फ घातला. खणातला. माशांचा."

मासे ठेवायच्या खणातल्या बर्फाला माणसानं हात लावायचा नाही, तो माशांसाठी, असा सदूचा स्वतःचा कायदा होता. गेल्याच आठवड्यात रूपेशनं पाण्यात एक खडा टाकला, तेव्हा सदूनं तो पेला समुद्रात भिरकावला होता. रूपेशनं आता पाण्याचा तांब्या उचलून सदूच्या पुढ्यात ठेवला. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं सदूला वाटलं.

"तो बर्फ प्यायच्या पाण्याचा असतोच असं नाही, आणि त्यावर तुम्ही बूट घालून उभे राहता," सिस्टर म्हणाल्या. आवाज मघापेक्षा मऊ झाला होता. "गारठ्यानं जंतू मरत नाहीत, काका. नुसते झोपतात. पोटात जाऊन जागे होतात. आता बोट फिरवा. वाटेत पाणी चालू ठेवा. लघवी झाली नाही, तर धक्क्यावरून थेट दवाखान्यात."

बोट फिरवायचा हुकूम कुणी द्यायचा, हा प्रश्नच होता. सदूनं त्या जुन्या दाढवाल्याकडे पाहिलं. "फिरवा," तो म्हणाला, आणि मग जरा थांबून, "तुला तेव्हा परत न्यायला पायजे व्हता."

"आता दाढच नाय ती," दाढवाला म्हणाला आणि पेजेचं भांडं त्यानं पुढे केलं.

दीड वाजता, जयगडचं दीपगृह दिसायला लागल्यावर, सदू उठून मागे गेला आणि बऱ्याच वेळानं हसत आला. रूपेशनं बातमी कळवली. "झाली!" आप्पांनी डरकाळी फोडली. "सदूला लघवी झाली!" त्यावर एकेका बोटीनं भोंगा वाजवला. जावयाची वरात उतरावी तसा समुद्र दणाणला. सदूनं तोंडावर टॉवेल घेतला.

भोंगे थांबले. मग खरखरीतून एक आवाज आला, इतका हळू, की बोलणाऱ्याला तो स्वतःलासुद्धा ऐकू जाऊ नये.

"सदू... बर्फ ताकात घातला तर पन पोट तसाच धावता काय?"

तो गळा सगळा किनारा ओळखत होता. असा दबलेला मात्र तो कुणी कधी ऐकला नव्हता. रामा नाव घ्यायला तोंड उघडणार, तोच सदूनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"कोन बोलतो हाय ते समाजला नाय," सदू वायरलेसवर म्हणाला. "समाजायची गरज पन नाय. ऐक. एक लिटर उकळून गार केलेला पानी घे. साखर सहा चमचे, सपाट. मीठ अर्धा. अर्धाच."

"सावकाश सांग," तो आवाज कुजबुजला. "लिवून घेतो."

"आमीपन घेतो," दुसऱ्या कुठल्या तरी बोटीवरून कुणी म्हणालं. मग आणखी एका बोटीवरून कुणीतरी नुसताच घसा खाकरला.

सदूनं टॉवेल बाजूला ठेवला, बटण दाबून धरलं आणि पहिल्यापासून, एकेक शब्द सुटा करून, सांगायला सुरुवात केली.