डिस्प्ले उघडत नसल्याबाबत

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी मोठ्या चौकातली मुख्य जलवाहिनी फुटली. ही बाब गंभीर नव्हती. वाहिन्या फुटतातच, त्यासाठीच तर पाणीखातं आहे. कोणता व्हॉल्व्ह बंद करायचा ते नकाशात पाहायचं, फिटरला सांगायचं आणि चहा मागवायचा, अशी प्रथा होती.

नकाशे मात्र आधुनिकीकरणात नदीपलीकडच्या मुख्यालयातल्या लिनक्स संगणकावर गेले होते. नकाशेवाल्या बाईंनी आपल्या टेबलावरून त्याच्याशी जोडणी केली. पासवर्ड पटला, फायलींची यादी आली. नकाशाचा प्रोग्राम उघडायला सांगितलं, तर एकच ओळ उमटली: ‘डिस्प्ले उघडता येत नाही.’

तेवढ्यात फिटरचा फोन. “ताई, इथे सत्तेचाळीस व्हॉल्व्ह आहेत. कुठला पिळू? पाणी घोट्यापर्यंत आलंय.”

“थांब, अंदाजाने पिळू नकोस. मुख्यालयाचं पाणी गेलं तर दोघांची नोकरी जाईल.”

“आणि संध्याकाळपर्यंत गावाची टाकी रिकामी झाली तर?”

“तर फक्त गावाचं पाणी जाईल. थांब म्हटलं ना!”

संगणक कक्षातले तंत्रज्ञ आले. एका नजरेत त्यांनी दुखणं ओळखलं. “सोपं आहे. पलीकडच्या संगणकाला आपल्या प्रोग्रामच्या खिडक्या तुमच्या पडद्यावर पाठवायची मुभा नाही. सेटिंगमध्ये ‘नाही’ आहे, तिथे ‘हो’ लिहायचं.”

“मग लिहा की!”

“मला फक्त ‘नाही’ लिहायचा अधिकार आहे. ‘हो’ उपसंचालक लिहितात.”

उपसंचालकांनी तत्परतेने तक्रारीचा फॉर्म पाठवला. त्यात सदोष खिडकीचं चित्र जोडणं सक्तीचं होतं. खिडकी उघडतच नाही, चित्र कशाचं काढू, असं बाईंनी कळवलं. पुराव्याअभावी तक्रार दाखल होत नाही, असं उत्तर आलं. बाईंनी कोरा पांढरा चौकोन जोडला. अर्ध्या तासात शेरा आला: ‘खिडकी उघडलेली दिसते. दोष आढळला नाही.’

“ताई, गुडघ्याला लागलं!” फिटर ओरडला. “चौकातल्या तुमच्या घरात सासूबाई खुर्चीवर उभ्या आहेत. विचारतायत, सून पाणीखात्यातच आहे ना अजून?”

बाई तंत्रज्ञांकडे वळल्या. “तुम्हीच मुख्यालयात जाऊन त्या संगणकाच्या पडद्यावर बघून या ना.”

“त्याला पडदा नाही. दुरूनच वापरायचा तर पडदा कशाला, असा ठराव झाला होता.”

चार वाजता टाकी रिकामी झाली आणि गळती आपोआप थांबली. ‘गळती बंद. तक्रार निकाली,’ असा शेरा पडला. पाठोपाठ गावातल्या प्रत्येक फोनवर समाधान नोंदवण्याचा मेसेज आला. पाच तारे दिल्याशिवाय तो पडद्यावरून हलत नव्हता.

कोरड्या नळाखाली बादल्या लावून बसलेल्या गावाने अठ्ठ्याण्णव टक्के समाधान नोंदवलं. उरलेल्या दोन टक्क्यांचे फोन पाण्यात गेले होते.

“तुम्हीसुद्धा, आई?” बाईंनी सासूला विचारलं.

“मग काय करू? नातवाचे फोटो बघायचे होते.”

उपसंचालक आता संचालक आहेत. आणि तुम्ही हसू नका. परवा असाच मेसेज तुम्हालाही आला होता, आणि तुम्ही तर तो न वाचताच पाच तारे दिलेत.