मागे माणसं आहेत

शेजाऱ्याच्या मोटारीची मी एकदा दृष्ट काढली. त्याला न विचारता. तेव्हा मी जेमतेम साठीची, म्हणजे अक्कल यायच्या आतली. पुण्याहून मुलाकडे, नेदरलंड्समधल्या बेस्ट नावाच्या गावी, नुकतीच आले होते.

शेजारी विम. ऐंशीचा, बायको गेलेली. मोटार त्याच्याहून म्हातारी, पहिल्या महायुद्धातली ब्रिटिश. मूळची कुणा साहेबाची हौस. लष्करानं मागचा भाग कापून तिथे कापडी छप्पर आणि चार स्ट्रेचर बसवले, आणि विषारी वायूत सापडलेले सैनिक तिच्यातून आणले.

विम रोज सकाळी तिच्यातून गल्लीला फेरी मारायचा. इतकी हळू, की सायकलवरच्या आजीबाई घंटा वाजवून पुढे जायच्या. गतिरोधक आला की मागे वळून म्हणायचा, "रुस्तख, रुस्तख!" म्हणजे सावकाश.

"कुणाला सांगतोस?" मी विचारलं.

"मागे माणसं आहेत."

मी पडदा सारून डोकावले. कुणी नव्हतं. फक्त चारही स्ट्रेचरचं कापड मधोमध खाली आलेलं, झोपलेल्याच्या भारानं यावं तसं.

"जुनं कापड आहे आई, झोळ येणारच," मुलगा म्हणाला. "आणि हे बघ, त्याच्या दारात काही करू नकोस हं. इथे लगेच फायर ब्रिगेड येते."

मी केलंच. गाडीला काहीतरी बाधलंय, अशी माझी खात्री होती. धुक्याची सकाळ होती. फेरी मारून विम कॉफी करायला आत गेलेला. मुलाच्या बार्बेक्यूतले निखारे तव्यात घेतले. मीठ, मोहऱ्या, मिरच्या गाडीवरून ओवाळून त्यावर टाकल्या. ठसका लागला नाही तर दृष्ट जबर, असं आमच्याकडे म्हणतात. मला ठसका लागेना. मी खूश!

इतक्यात धूर पडद्याखालून शिरला, आणि आत कुणीतरी खोकलं. मग दुसरं कुणी. मग चौघं मिळून.

तवा माझ्या हातून पडला. विम मोजे घातलेल्या पायांनीच धावत आला. पडदे वर फेकले आणि टोपीनं धूर बाहेर वारत राहिला, "रुस्तख, रुस्तख" म्हणत, तापल्या लेकराला थोपटावं तसं. खोकला हळूहळू थांबला.

आता हा पोलीस बोलावणार, मी धरून चालले. विमनं माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले, मिरचीनं असतील.

"धूर नको, मीरा. धुरातूनच आणलंय त्यांना. आणि ते गेले, तर सकाळी मी रुस्तख कुणाला म्हणू?"